खोली तेवीसमधली कौसल्या

मी एक टपालपेटी. लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर बसले आहे. वर-खाली करणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जातो, त्यामुळे कोणाच्या पिशवीत पापलेट आणि कोणाच्या बांगडे, हे मला न विचारता कळतं. स्वभावच चौकस, त्याला इलाज नाही.

गणपत घाडी मिलच्या सुतारखात्यात होते. उरल्यासुरल्या फळ्यांतून त्यांनी मला घडवलं आणि अंगावर पोराचं नाव रंगवलं, ‘दौलत गणपत घाडी, खोली २३’. तेव्हा लग्नपत्रिका, गावची पत्रं, पोट कसं भरलेलं असायचं. आता विजेचं बिल आणि क्लासच्या जाहिराती. रिकामं पोट आणि संशयी डोकं.

दीड वर्षापूर्वी दौलतची बायको सुभद्रा इस्पितळातल्या केसपेपरच्या खिडकीवरून निवृत्त झाली, आणि तिचं काहीतरी बिनसलं. रोज दुपारी तीनला खाली यायची, कुलूप उघडायची, आत हात फिरवायची. बिल असलं तरी तिथेच टाकून जायची. पहिला संशय मला तिचाच आला. कोणाच्या पत्राची वाट बघते ही? या वयात?

मग एका सकाळी पोस्टमनने जाड पाकीट आणलं. वर कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा शिक्का. पत्ता आमचाच, खोली २३. नाव मात्र ‘कौसल्या लवू परब’.

तळमजल्याच्या राधाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. “अरे, या नावाचं इथे कोण नाय. परत पाठव.”

“पत्ता बरोबर आहे, काकी.”

“पत्ता बरोबर असेल. बाई चुकीची आहे.”

गेलं परत. चार महिन्यांनी दुसरं आलं, तेही परत. मीही तोंड मिटून राहिले. माझ्या अंगावर दौलतचं नाव, परक्या बाईचं टपाल मी कशाला गिळू? उलट आता माझा संशय दौलतवर. रिटायर माणूस, रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जातो कुठे?

तिसऱ्या पाकिटावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘हेही परत आल्यास नाव यादीतून कमी करू.’ ते मात्र राधाबाईंनी पदराआड ठेवलं. शनिवार होता, दौलतची सून अक्षता बँकेला सुट्टी म्हणून घरी होती. दुपारी ती खाली उतरली तशी राधाबाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. “सासऱ्याला विचार गो, ही कौसल्या कोण ते.”

नेमका दौलत सलूनमधून आला, केस काळे करून. आणि वाजले होते तीन, म्हणून वरून किल्ली घेऊन सुभद्रा.

“बाबा, कौसल्या परब कोण?”

दौलतने आधी राधाबाईंकडे पाहिलं, मग बायकोकडे. “मला काय विचारतेस? आईंना विचार.”

“मी,” सुभद्रा म्हणाली. “पाकीट दे.”

मेथीची जुडी राधाबाईंच्या हातातच राहिली.

“लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुभद्रा’ लिहिलं,” ती अक्षताला सांगू लागली. “बी.ए. झालेली कौसल्या तिथेच संपली.”

“माझ्या आईने सांगितलं ते लिहिलं,” दौलत पुटपुटला. “नाव मी कुठे निवडलं?”

“मी तरी कुठे!”

निवृत्तीनंतर तिने जुन्या नावाने संघाच्या अंकात छापायला आपली खबर पाठवली होती. अंक आलाच नाही, तेव्हा तिला वाटलं, बरोबरच्या सगळ्या मोठ्या हुद्द्यावर, खिडकीत बसणारीची खबर कोण छापतंय! आणि अंक तर इथून परत जात होते.

अक्षताने पाकीट फोडलं. खबर होती, पुन्हा छापलेली, खाली ‘यांचा पत्ता कोणास ठाऊक असल्यास कळवावा’. ती मोठ्याने वाचू लागली. “कौसल्या परब, बी.ए. १९८६. तेहेतीस वर्षं केसपेपर लिहिले. मुलगा विमा कंपनीत. सून बँकेत. सुनेने लग्नानंतर आपलं नाव बदललं नाही. मला फार आवडलं...”

अक्षता थांबली. लग्नानंतर अख्ख्या चाळीने तिला त्या नावावरून टोमणे मारले होते आणि सासू गप्प होती. चार वर्षं ती त्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावत आली होती.

“आई, मला कधी बोलला नाहीत.”

“चाळीत कुठे बोलायचं गं? इथे भिंतींनाही कान.” हे म्हणताना तिने माझ्याकडे का पाहिलं, कोण जाणे.

“मग आता हाक काय मारू?” दौलतने विचारलं.

“अडतीस वर्षं ‘अगं ए’ म्हणताय. तेच चालू द्या.”

आता माझी बिजागरी गंजली आहे. चाळ पडणार, नवी इमारत होणार, तिथे चकचकीत पेट्या लागतील. गेल्या आठवड्यात कौसल्या परबच्या नावाने तिच्या एका वर्गमैत्रिणीचं पत्र आलं. नवा पोस्टमन माझ्यावरचं नाव बघून घुटमळला. “परत कसलं? आमचीच आहे ती,” म्हणत राधाबाईंनी पत्र ओढून घेतलं. पाठपोट न्याहाळलं, उजेडात धरून पाहिलं, मग वर हाक मारली.

बाबांनो, मी काही फार दिवसांची नाही. संशय मीही घेतला, तुम्हीही घ्याल. फक्त पाकीट परत पाठवण्याआधी एकदा जिना चढून वर जा, आणि घरातल्या बाईला विचारा.