बारा तासांचा हौद

परीक्षा संपली की उत्तरं ताडून बघायची, ही खोड ज्यानं लावली ना, त्याला एकदा भेटायचंय मला. हात दुखून आलेला असतो, पोटात सकाळच्या दशमीशिवाय काही नसतं, तरी वर्गाबाहेर पाय पडायचा अवकाश, झालंच सुरू. ‘तुझं काय आलं? तुझं काय आलं?’ आणि घोळका होणार तो माझ्याभोवती. का, तर म्हणे चारुशीला कधी चुकत नाही. भूमच्या हायस्कुलात हे कुणीतरी एकदा बोललं आणि मग सगळ्यांनी ते धरूनच ठेवलं.

त्या दिवशी धाराशिवला ट्रेनिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. भूमहून आम्ही तिघं आलो होतो. मी, माझी मैत्रीण नीला आणि शिंप्याच्या घरचा महेबूब. सोबतीला नीलाचे वडील, म्हणजे तिचे नाना, माझे मार्तंडकाका. तहसील कचेरीत कारकून माणूस. तापट नाही, पण एकदा शब्द दिला की तो इकडचा तिकडं होत नाही.

असाच एक शब्द त्यांनी नीलाला दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परंड्याचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. पेपर चांगला गेला, तर काका भूमच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या परंड्याच्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप देणार होते, की येऊ नका, पोरगी अजून शिकणार आहे. पेपर बिघडला तर निरोप नाही. मग पाहुणे येतील, पसंती होईल आणि याच हंगामात बार उडेल. मुलाचं वाईट असं काही ऐकलं नव्हतं. पण नीलाला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं तिला.

छापलेले पेपर कमी आले, म्हणून सुपरवायझरांनी सगळे प्रश्न फळ्यावर लिहून दिले होते. शेवटचा गणिताचा, पंचवीस मार्कांचा. हौद आणि दोन नळ. बाहेर लिंबाखाली घोळका जमला आणि कुणीतरी तेच काढलं.

“दोन तास चोवीस मिनिटं,” मी म्हणाले. डोकं नुसतं ठणकत होतं माझं, कधी एकदा गाडीत बसते असं झालेलं.

आठ-दहा जणांनी सुस्कारे सोडले, दोघांनी कपाळाला हात लावला. काकांनी नीलाला विचारलं, “तुझं काय गं?”

“बारा तास,” ती म्हणाली. इतकं हळू, की तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

घोळका खो खो हसला. महेबूब म्हणाला, “बारा तास? तवर आमची म्हस हौद पिऊन मोकळी हुईल की!”

“तू काय लिहिलंस रे?” मी डाफरले.

“मला काय इचारता, म्या त्याला हातच लावला न्हाय.”

काका हसले नाहीत. ते नीलाला म्हणाले, “अगं, एक नळ चार तासांत भरतो म्हणतात ना. त्याला दुसऱ्याची जोड मिळाल्यावर वेळ कमी होईल का जास्ती? एवढं तरी कळावं माणसाला.” नीलानं मान खाली घातली. शाळेतही तिचं हेच. माझं उत्तर वेगळं निघालं की ही बाई स्वतःचं खोडून मोकळी. कुठं चुकलं ते शोधायचीसुद्धा नाही. मला राग यायचा त्याचा, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायचं.

गाडी मिळाली ती दुपार कलल्यावर. उन्हानं पत्रा तापलेला, खिडकीतून फुफाटा आत. महेबूब मागच्या बाकावर घोरायला लागला. काका डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. नीला माझ्या खांद्याला टेकली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

येरमाळ्याच्या अलीकडं घाटात गाडी तापली. इंजिनातून वाफा निघायला लागल्या, तसे सगळे खाली उतरलो. ड्रायव्हर डब्यानं पाणी ओतत होता आणि खालून धार लागली होती.

“घ्या!” एक म्हातारा पाहून म्हणाला. “वरून वतायचं आन् खालून जायचं. आता बसा रात्रीपातुर.”

ते ऐकलं आणि मला सकाळचा फळा आठवला.

सुपरवायझर शेवटचा प्रश्न लिहीत होते. ‘पहिल्या नळानं हौद चार तासांत भरतो. दुसऱ्या नळानं सहा तासांत भरतो.’ तेवढं वाचून मी मान खाली घातली आणि गणिताला भिडले. मला मेलीला सगळ्यांच्या आधी संपवायची हौस! मग ‘थांबा, चुकलं’ असं काहीतरी ते म्हणाले होते. फडक्यानं पुसल्याचा आवाजही कानावर आला होता. मी वर बघितलंच नाही. नीला सावकाश लिहिते, तिनं बघितलं. दुसरा नळ हौद रिकामा करणारा होता. बारा तास. बाराच तास! आणि लिंबाखाली हसली ती माझ्यासारखीच घाईची मंडळी होती, नाहीतर माझं ऐकून हसणारी.

“काका!” मी धावतच गेले. “काका, नीलाचं बरोबर आहे. माझं चुकलं. दुसऱ्या नळानं पाणी जात होतं, सुपरवायझरांनी मागनं दुरुस्त केलं होतं ते.”

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “गुणाची आहेस पोरी. मैत्रिणीसाठी एवढं कोण करतंय? पण असं खोटं बोलू नये.”

“खोटं नाही हो! देवाशप्पथ!”

“शपथ घेऊ नकोस. उद्या पाहुण्यांना नको म्हणायचं, आणि महिन्यानं कॉलेजनं हिला नको म्हणायचं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, सांग.”

मी महेबूबला गदागदा हलवून विचारलं, फळ्यावर काय होतं. “न्हाय बघितलं, खरंच न्हाय,” तो ओशाळून म्हणाला.

भूमला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. परंड्याची गाडी उभीच होती, कंडक्टर दारात तिकिटांची पेटी लावत होता. काका तिच्याजवळ जाऊन थांबले. खरंच थांबले. वळून म्हणाले, “नीला, तुझ्या तोंडून ऐकू दे. चारू म्हणते तसं होतं का फळ्यावर? तू व्हय म्हण, मी आत्ता निरोप देतो.”

एवढंच तर हवं होतं! एक ‘हो’. मी तिचा दंड धरला. “बोल गं! तू वाचलंस ना? रिकामा होतो असं लिहिलं होतं ना?”

“मला तसं वाटलं होतं,” नीला म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं, किती दमलेली होती ती. “पण नाना, चारू कधी चुकते का? ती माझ्यासाठी बोलतेय. मीच काहीतरी भलतं वाचलं असणार.”

“चुकले गं बाई मी, चुकले!” मी भर स्टँडवर ओरडले. लोक बघायला लागले. कंडक्टरनं घंटी मारली. काकांनी पिशवी उचलली आणि घराच्या वाटेला लागले.

मला रडूच फुटलं. नीलानंच माझे डोळे पुसले, आपल्या पदरानं.

“पुरे आता,” ती म्हणाली. “सकाळी लवकर ये. वेणी तूच घाल माझी, मला नीट जमत नाही.”