बुरुजासमोरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. सांगणार आहे ती गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. तेव्हा मी एका तटबंदीच्या शहरात, चौकातल्या खानावळीच्या दाराशी उभी असे. समोरच घड्याळाचा बुरूज होता.

एका मोडक्या दाराच्या फळीतून माझा जन्म झाला. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, काळा रंग दिला आणि मधोमध एक उभी रेघ ओढली. रेघेच्या डावीकडे मालकीणबाई रोज खडूने लिहीत: माशाचे सूप, भाजलेले बटाटे, ताजा पाव. उजवीकडे शहरात काय पाहावे ते. त्यांचे अक्षर इतके देखणे, की मला वाचता वाचताच लोकांना भूक लागे. पदार्थ रोज बदलत. शहर काही रोज बदलत नाही. म्हणून मालकांनी उजवीकडची अक्षरे एकदाची पांढऱ्या तैलरंगाने रंगवून घेतली.

"आता पावसालाच काय, माझ्या सासूबाईंनाही पुसता यायचं नाही," ते ऐटीत म्हणाले.

"घड्याळाचा बुरूज चढा. सारे शहर पायाशी दिसेल." ही पहिली ओळ. खाली तटावरची फेरी आणि जुनी विहीर. त्या पहिल्या ओळीचा मला फार अभिमान होता.

बुरुजाची राखण मालकीणबाईंच्या धाकट्या भावाकडे होती. सारा चौक त्यांना मामा म्हणे. घड्याळाला किल्ली द्यायची, पाहुण्यांना वर न्यायचे आणि उतरले की जेवायला आमच्याकडे धाडायचे. मालक त्यांना चिडवत, "मेहुणे, तुम्ही दोन पायऱ्या वाढवा, मी दोन बटाटे वाढवतो!"

हिवाळा सरत असताना एका सकाळी मामा धापा टाकत आले.

"ताई, आतला लाकडी जिना कुजलाय. वरची पायरी हातातच आली माझ्या. सुताराला घेऊन येतो, तोवर कुणी चढायला नको."

"मग कुलूप लाव की."

"कुठे लावू? कडी कधीच तुटलीय. दोरी बांधलीय आडवी. तू पाटीवर लिही."

"लिहिते. पण दोन घास खाऊन जा रे."

"आल्यावर खातो. गरम ठेव."

बाईंनी रंगाच्या पहिल्या ओळीशेजारीच खडूने ठळक लिहिले: "आज बुरूज बंद. जिना मोडला आहे." सकाळभर लोक ते वाचत आणि मागे फिरत. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम.

आमच्याकडे एक रीत होती. दुपारी बाराला सकाळचे पदार्थ पुसायचे आणि दुपारचे लिहायचे. पुसायचे मालकांनी, लिहायचे बाईंनी. त्या दिवशी मालक सकाळपासून मासळीबाजारात होते. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. आले, ओले फडके उचलले आणि शेजारच्या न्हाव्याशी गप्पा मारत मला पुसू लागले.

"अहो, धुताना तिच्या तोंडाकडे तरी बघा," न्हावी हसला.

"बारा वर्षं धुतोय. बायकोचं तोंड आणि हिचं, दोन्ही पाठ आहेत मला."

डावीकडचा खडू गेला. उजवीकडचाही गेला. रंगाची ओळ तेवढी धुऊन लखलखीत झाली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

थोड्या वेळाने एक नवे जोडपे माझ्यासमोर थांबले. "आधी चढू या ना, मग जेवू," ती म्हणाली. दोघे दोरीखालून वाकून आत शिरली. तेवढ्यात मामा सुताराला घेऊन चौकात आले. आतून पावलांचा आवाज ऐकताच ते ओरडत धावले, "थांबा! वर जाऊ नका!"

मग लाकूड मोडल्याचा आवाज झाला.

ती मुलगी नंतर रडत सांगत होती: मामांनी दोघांना भिंतीकडे ढकलले, आणि जिना त्यांच्याच पायाखालून गेला.

मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आधी बुरुजाकडे पाहिले नाही; माझ्याकडे पाहिले.

"पुसलंत?"

मालकांच्या हातात अजून फडके होते. "बारा वाजले होते गं," ते म्हणाले.

मामांचे ताट चुलीजवळ झाकून ठेवलेले होते.

बाईंनी पुन्हा खडू हातात धरला नाही. किल्ली द्यायला कुणी उरले नाही, त्यामुळे घड्याळही थांबले. बुरुजाचे दार विटांनी बुजवले, तरी मालक रोज बाराला तिथे जाऊन उभे राहत आणि येईल त्याला सांगत, "बंद आहे." सहा वर्षांनी ते गेले. बाई खानावळ विकून भाचीकडे राहायला गेल्या, तिथेच वारल्या. न्हाव्याने दुकान दुसऱ्या गल्लीत नेले. ते जोडपे दरवर्षी त्या दिवशी येई आणि न जेवता परत जाई. पुढे तो एकटाच येऊ लागला. मग तोही येईना.

मी मात्र आहे. त्याच जागी आता एक चकचकीत हॉटेल झाले आहे. जुनी वस्तू म्हणून मला भिंतीवर टांगले आहे. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, आणि माझी ती ओळ मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, हातात फडके घ्याल तेव्हा पुसण्याआधी एकदा वाचत जा. माझी काळजी घ्या, मला जपा, असे मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणाकडे धारदार पाते असेल, तर माझी ती पहिली ओळ तेवढी खरवडून काढा.