खाटेशेजारी अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, वडीगोद्रीजवळच्या आमच्या वस्तीवर पत्र्याच्या छपराचे एक छोटे प्रार्थनाघर आहे. आत टेबल आहे, टेबलावर पवित्र शास्त्र आहे. त्या टेबलामागे गुंडाळून उभी केलेली जाड, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची जुनी सतरंजी म्हणजे मी.

माझे सूत याच मातीतले. मंडळीतल्या बायकांनी वेचणीतला थोडा थोडा कापूस बाजूला ठेवला, कातला, रंगवून आणला. मग अंबडकडच्या एका विणकराने पंजाने, म्हणजे लोखंडी फणीने, ठोकून ठोकून मला घट्ट विणले. पहिल्या रविवारी मला अंथरले, तेव्हा कोणी पायच ठेवीना. सगळे कडेकडेने बसले.

पण माझे खरे काम रविवारचे नव्हते. ज्या घरी दुखणे, त्या घरी मला खांद्यावर टाकून नेत. संध्याकाळी रानातून आलेली माणसे पाय धुऊन माझ्यावर गुडघे टेकत. कोणाचे लेकरू तापाने फणफणलेले असे, कोणाची लेक सासरहून परत आलेली असे. माणसे येताना खांदे पाडून येत आणि जाताना जरा ताठ चालत. मंडळीतले वडीलधारे तातेराव प्रार्थनेला लागले की बायका लेकरांना आधीच आडवे करत, कारण तातेरावांची प्रार्थना लवकर संपत नसे. किती लेकरे माझ्यावर अशी झोपली! त्यांच्या केसांचा तेलकट वास मला अजून आठवतो.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सगळ्यांना त्यांचे कौतुक. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आराम मिळाला, त्याचा मलाही आनंद झाला. पण मी कोपऱ्यात गेले ती गेलेच. उंदरांनी माझी एक कड कुरतडली.

गेल्या हिवाळ्यात वस्तीवरच्या राजानंदवर संकट आले. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. तापलेल्या सळईने त्याच्या उजव्या हाताची बोटे नेली. जखम भरली, पण घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राही. डाव्या हाताने जेवायची त्याला लाज वाटे. त्याची बायको दैवशाला दार लावून त्याला घास भरवी. तो दोन घासांतच मान फिरवी, आणि मग तिच्याही घशाखाली काही उतरत नसे. उंचापुरा माणूस पार वाळून गेला. हा असाच संपून जाईल, या भीतीने ती दिवसभर रानात कापूस वेचतानाही रडे.

मंडळी प्रार्थनेला निघाली ती खुर्च्या घेऊन! एका खोलीच्या घरात त्या मावणार कुठे? चार आत गेल्या, बाकीच्या दारात अडकल्या. वर बसलेली माणसे खाली राजानंदकडे बघू लागली, तशी त्याने तोंडावर चादर ओढली.

म्हाताऱ्या कौसल्याबाई कडाडल्या, "अरे, तमाशा बघायला आले का काय? त्या खुर्च्या माघारी न्या. जल्दी जा अन् सतरंजी आणा."

मला झटकून खाटेशेजारी अंथरले. सगळे माझ्यावर बसले. आता राजानंद सगळ्यांपेक्षा उंच होता. तातेरावांनी डोळे मिटले. "प्रभू येशू, या लेकराचा हात पहिल्यासारखा कर..."

चादरीतून आवाज आला, "मामा, बोटं उगवत न्हाईत. दुसरं काही मागा."

तातेरावांनी डोळे उघडले. त्यांची एवढी छोटी प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकली.

"मंग तूच सांग बाबा, काय मागायचं?" कौसल्याबाईंनी विचारले.

चादरीतूनच तो म्हणाला, "मला माझ्या हातानं जेवता यावं. माझ्यापायी दैवशाला उपाशी राह्यते."

सगळ्यांनी तेवढेच मागितले. आमेन झाल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या, "दैवशाला, पिठलं-भाकर आण गं. अन् ऐका सगळे, उजवा हात पाठीमागं. डाव्यानं जेवायचं."

"आक्का, डाव्यानं? लोक काय म्हणतील?" तातेरावांनी विचारले.

"लोक इथंच बसलेत. काय म्हणायचं ते म्हणा."

मित्रांनो, काय सांगू! कोणाला भाकर मोडता येईना. तातेरावांचे पिठले मिशीला लागले, तिथून माझ्यावर पडले.

"मामा, तोंड इकडं हाये!" दैवशाला म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

तेव्हा चादर बाजूला झाली. राजानंद खाटेवरून उतरला आणि माझ्यावर मांडी घालून बसला. "आता देवाचे उपकार तू मान," कौसल्याबाई म्हणाल्या. त्याने डोळे मिटले.

"प्रभू, उजवा गेला. डावा ठेवलास. त्याला शिकव."

पहिला घास सांडला. दुसरा अर्धा सांडला. तिसरा त्याने खाल्ला, आणि ताट दैवशालाकडे सरकवून म्हणाला, "आता तू जेव."

मित्रांनो, खुर्च्या तुम्ही जरूर आणा. पण मला उंदरांच्या तोंडी देऊ नका. अधूनमधून ऊन दाखवा, कड शिवा. आणि कोणी भिंतीकडे तोंड करून पडले आहे असे कळले, तर मला त्याच्या खाटेशेजारी अंथरा आणि त्याच्यापेक्षा खाली बसा. काय मागायचे ते आधी त्यालाच विचारा.

पिठल्याचे डाग धुतल्यावरही थोडे राहिलेच आहेत. राहू द्या.