दुभाष्या

कस्तुराबाईंनी वकिलाचं पेन त्याच्याच हातात परत दिलं.

“मारलं म्हणून मी लिहून देणार नाही. यांनी माझ्यावर कधी बोटसुद्धा उगारलं नाही.”

वकिलाने कपाळाला हात लावला. तो चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातला.

“अक्का, मारहाण म्हटलं की साहेब वेगळं राहायचा हुकूम देतील. पुढं दोन वर्षांनी घटस्फोट. नुसतं ‘नवरा बोलत नाही’ म्हणालात तर घरी परत जा म्हणतील, बघा.”

“मग माझं मीच सांगते त्यांना.”

“कन्नड येतं का?”

“भाजी आणण्यापुरतं. घरात मराठीच.”

बाई हट्टाला पेटल्या म्हणजे कोणाचं ऐकत नसत. कराडहून मुद्दाम आलेले त्यांचे थोरले भाऊ गुंडूराव हात चोळत राहिले आणि वकील दुसऱ्या पक्षकाराकडे निघून गेला.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्या बसल्या होत्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान, जयतीर्थ, बसले होते. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर, नजर फरशीवर. त्यांनी वकीलच दिला नव्हता. हे सगळं त्यांच्या कानांवर पडलंच असणार, पण ते बोलतील कशाला? सहा वर्षं बोलले नव्हते. मुलगी आजोळी कराडला तापाने गेली, तेव्हापासून. तू तिला नेलीस कशाला, असं एकदाही म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. पानात मीठ विसरलं तरी मुकाट जेवत. सासूबाई होत्या तोवर निरोपानिरोपी चाले, त्या गेल्यावर तेही संपलं. बसवनगुडीच्या त्या घरात कस्तुराबाई आधी रडल्या, मग भांडल्या, आणि शेवटी मांजराशी बोलू लागल्या. आता परत तिथे जायचं म्हणजे जिवंतपणी मरायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी फक्त नवराबायकोला आपल्या खोलीत बोलावलं. म्हातारे, थकलेले गृहस्थ. त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि पाठ करून आणलेली दोन वाक्यंही बाईंच्या घशातच राहिली. कोर्टाचा दुभाष्या रजेवर होता. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं, पुढची तारीख द्यायला कागद ओढला.

जयतीर्थांनी घसा खाकरला. हिचं बोलणं मी सांगतो, असं ते कन्नडमध्ये म्हणाले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, मग मान हलवली.

कस्तुराबाई भिंतीकडे बघत सांगू लागल्या. “हे वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. पण सहा वर्षं माझ्याशी शब्द बोलले नाहीत. माझी पण मुलगी होती ती. मला त्या घरात राहवत नाही.”

जयतीर्थ सावकाश कन्नडमध्ये सांगू लागले. बाईंना सगळं समजलं नाही, पण मध्येच ‘होडेद्रु’ ऐकू आलं आणि त्या चमकल्या. दारात भांडणारी पोरं आईकडे रडत जात तेव्हा हाच शब्द सांगत. मारलं.

न्यायाधीशांचा आवाज चढला. जयतीर्थांनी मान खाली घातली.

“हौदु,” ते म्हणाले. हो, खरं आहे.

न्यायाधीश आता बाईंकडे बोट करून काही विचारत होते. जयतीर्थ वळले. ओठ एकदा हलले, आवाज फुटेना. मग म्हणाले,

“कस्तुरी, मी तुला मारायचो, हे खरं का, असं साहेब विचारतायत.”

आवाज तोच होता, थोडा घोगरा झालेला. त्या घरात एखाद्या संध्याकाळी एवढी एक हाक आली असती, तर त्या कोर्टाची पायरी चढल्या नसत्या. त्यांचे डोळे भरून आले. न्यायाधीशांना त्यात काय दिसलं कोण जाणे, त्यांनी पेन उचललं.

“हो,” कस्तुराबाई म्हणाल्या.

जयतीर्थांनी तेही कन्नडमध्ये सांगितलं.