माफीचं कापड

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी रेडिओवर राष्ट्राध्यक्षांनी माफ केलेल्या कैद्यांची नावं वाचली गेली. शेवटचं नाव न्दोपूचं होतं. मक्याच्या पिठाची न्शिमा घोटता घोटता आईचा हात थांबला. पीठ तळाला करपल्याचा वास आला, तरी आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

कॉलऱ्याच्या साथीत आमच्या गावाला क्लोरीनची भुकटी न्दोपूनं पुरवली होती. तपासणीला ती माझ्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा ती नुसती खडूची पूड निघाली. तोवर माझी भाची नोसिकू गेली होती. तिच्या वर्गातली आणखीही मुलं गेली. न्दोपूला बारा वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं पहिलं वर्षही अजून भरलं नव्हतं.

"माफीआधी समितीचा सल्ला घ्यावा लागतो," आमची वकील लिकांडो म्हणाली. "समिती बसलीच नाही. ही माफी रद्द होऊ शकते. अर्ज नोसिकूच्या आजीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या नावानं करू."

सुनावणीच्या आठवड्यात न्दोपूनं गावातल्या बायकांना कमरेला गुंडाळायची चितेंगे वाटली. प्रत्येकावर त्याचा हसरा चेहरा छापलेला. कोर्टाच्या दिवशी आई तेच नेसून थेट बसस्टँडवर आली.

"आई, अगं हे काय! सोड ते आधी."

"नवं कापड आहे. का सोडू?"

न्दोपूच्या वकिलानं ते लगेच हेरलं. "न्यायाधीश महोदया, बाईंनी माझ्या अशिलाला केव्हाच माफ केलेलं दिसतंय. त्यांनी काय नेसलंय, पाहा."

आई उठली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. कापडावरचा न्दोपूचा चेहरा बरोबर बसायच्या जागी आला होता.

"सकाळपासून ह्याच्यावरच बसलेय मी," ती म्हणाली. "बसमध्येसुद्धा. आणि रस्त्याला खड्डे काय कमी होते?"

कोर्ट हसलं. न्दोपूही हसला, अगदी मनापासून.

दुपारी निकाल आला. समितीला विचारायला हवं होतं, न्यायाधीश म्हणाल्या. पण तिचा सल्ला राष्ट्राध्यक्षांवर बंधनकारक नाही, म्हणून माफी कायम. लिकांडोनं तेच पान तीनदा वाचलं.

बाहेर पायऱ्यांवर न्दोपू आमची वाट पाहत उभा होता. हातात घडी घातलेलं नवं चितेंगे.

"घ्या, आई. ते बसून बसून विरेल."

मला वाटलं, आता आई ते त्याच्या तोंडावर फेकणार. पण आमच्याकडे कुणी काही द्यायला पुढे आलं, की बाईचे गुडघे वाकतात. चालायला लागल्यापासूनची सवय. आईचे गुडघे वाकले. तिनं दोन्ही हातांनी कापड घेतलं, काखेत धरलं आणि रीतीप्रमाणे हलकेच आभाराची टाळी वाजवली.

न्दोपूची गाडी निघून गेली. आई अजून तशीच अर्धी वाकलेली, स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

"लुंगोवे," तिनं मला विचारलं, "मी घेतलं?"