नाव घेऊन खुडलेली फुलं

मी एक एप्रन आहे, आणि चुलीशेजारच्या खुंटीवरून बोलतोय. कमरेला बांधायचा, गुडघ्याखाली पोचणारा, एकेकाळी गर्द निळा असलेला. आता तो निळा फक्त शिवणीच्या आत उरलाय. बाकीचा धुण्यात गेला, उन्हात गेला, आणि बराचसा फुलांनी घेतला.

माझा जन्म आल्प्सच्या डोंगरांत, तिरोलमधल्या याच खोऱ्यातला. नोटबुर्गाच्या आईने जवस पेरलं, उपटलं, भिजवून कुजवलं, कुटून त्याचे धागे काढले आणि हिवाळाभर मागावर बसून मला विणलं. लेकीच्या लग्नात मला घडी करून हातात ठेवताना ती म्हणाली, "दागिने नाहीत गं द्यायला. पण हा बांधशील तोवर तुझी ओटी रिकामी राहायची नाही."

नोटबुर्गाला सगळे बुर्गा म्हणत. तिच्याबरोबर मी सेराफीनच्या घरी आलो. थोड्या गाई, उभ्या चढावरचं गवत, आणि झाडं संपतात त्याच्याही वर उन्हाळी कुरण. पहिली काही वर्षं माझ्या वाट्याला आलं ते सगळ्याच एप्रनांच्या वाट्याला येतं. ओले हात, पीठ, अंडी, कोंबडीची पिसं, मुलाचं शेंबडं नाक.

ते नाक कासियानचं. बुर्गाचं एकुलतं एक लेकरू. तीन वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. बाहेर बर्फ असा की खालच्या गावातून डॉक्टर वर येईना. पोराचा श्वास घशात अडकून शिट्टीसारखा वाजत होता. बुर्गा क्रुसासमोर गुडघे टेकून बसली. माझा काठ तिने मुठीत इतका आवळला होता की त्याची सुरकुती पुढे कितीतरी धुण्यांत गेली नाही.

"मारियामाते," ती म्हणाली, "हा राहिला तर मी आहे तोवर दर वर्षी ऑगस्टात, तुझ्या स्वर्गारोहणाच्या सणाला वरच्या कुरणात येईन. नऊ फुलं तुला आणीन. प्रत्येकाला ओळखून, त्याचं नाव घेऊन मगच खुडीन. मुकाट्याने एकही तोडणार नाही."

पोरगं राहिलं. आणि त्या ऑगस्टपासून माझा खरा जन्म सुरू झाला, असं मी मानतो.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही निघायचो. बुर्गा माझी दोन टोकं कमरेत खोचायची, की माझा छान खोल ओचा व्हायचा. मग ती चालायची आणि थांबायची, चालायची आणि वाकायची. फुलाजवळ तोंड नेऊन त्याचं नाव घ्यायची, एखाद्याला घरात बोलवावं तसं. मग नखाने देठ तोडून माझ्यात ठेवायची. अर्निका चिकट असते, तिला राळेचा वास येतो. योहानाच्या फुलाची कळी चेपली की लाल रस निघतो, त्याचे ठिपके अजून माझ्यावर आहेत. रानओव्याला वाकावं लागत नाही, तो चढावर नुसता गुडघ्याला लागला तरी दरवळतो. फुलं मला अशी कळायची, वासाने आणि ओलीने. नावं मात्र मला तिच्या तोंडून मिळाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या फुलांच्या जुडीवर तीर्थ शिंपडलं जायचं. मग ती वर्षभर क्रुसाच्या कोपऱ्यात टांगलेली. गाय व्याली की तिला चिमूटभर, कोणी तापलं की चहात चिमूटभर, गारांचे ढग आले की चुलीत चिमूटभर.

कासियान मोठा झाला तसा आईची थट्टा करायला लागला. "आई, नाव चुकलं तर मारियामाता फूल परत पाठवते का गं?"

"ती नाही पाठवत. पण नवस मी बोललेय, तो मला मोजून द्यायला हवा."

"मला तर सगळं गवतच दिसतं."

"दिसू दे. तुझा जीव त्या गवताने राखलाय."

मग तो आणखी एक क्नोडल, पावाचा उकडलेला गोळा, ताटात वाढून घ्यायचा.

सेराफीन गेला. कासियानने लग्न केलं ते खालच्या खोऱ्यातल्या फिलोमेनाशी. ती सफरचंदाच्या बागांतली मुलगी. वरची फुलं तिने चित्रात पाहिलेली. तिला आम्ही मेना म्हणू लागलो. पहिल्याच ऑगस्टला ती म्हणाली, "आई, मी येऊ का बरोबर?" बुर्गाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ये. पण बुटांच्या नाड्या घट्ट बांध. आणि हात मागे. माझ्याआधी काही तोडायचं नाही."

त्या वाटेवर मी एक सासू सुनेला शिकवताना पाहिली, तशी पुन्हा पाहिली नाही.

"रंग बघू नकोस," बुर्गा सांगायची. "रंग काय, आंधळा सोडून सगळ्यांनाच दिसतो. पानं बघ. देठावर ती समोरासमोर बसलीत की एकाआड एक? हात लाव, लव आहे का? शेजारी कोण आहे ते बघ. फुलंसुद्धा आपली शेजारीण निवडून राहतात."

"ही अर्निका ना, आई?"

"पिवळं दिसलं की अर्निका. पान बघितलंस का?"

"एकाआड एक."

"मग?"

"मग नाही."

"मग नाही," बुर्गा म्हणायची, आणि तिच्या आवाजात शाबासकी असायची, पण ती फक्त मला ऐकू यायची.

तिने मेनाला मारियामातेचा शेला दाखवला, ज्याच्या चुणीदार पानात दुपारपर्यंत दवाचा थेंब टिकतो. डोळ्यांचा दिलासा नावाचं इवलं पांढरं फूल दाखवलं, ज्याच्या घशाशी पिवळा टिपका असतो. आणि गोठ्याजवळच्या ओलसर जागी उभा असलेला निळा बचनाग दाखवला. "याची टोपी बघ, शिपायासारखी. पान फाटक्या पंजासारखं. जहर आहे हे. याला ओळखायचं ते याला सोडून द्यायला. याच्या बाजूला ते उंच जेंशियनही उगवतं, तेही निळंच. पण त्याची पानं लांब, जोडीजोडीने, आणि फूल घंटेसारखं."

शेजारच्या आफ्राला हे सगळं गंमतीचं वाटे. ती कुंपणावरून म्हणायची, "बुर्गा, गाईला चरायला शिकवावं लागत नाही, आणि तू सुनेला शिकवतेस होय?"

"गाईला चहा करायचा नसतो, आफ्रा," बुर्गा म्हणायची.

अशी बरीच वर्षं गेली. मला एक ठिगळ लागलं, मग दुसरं. मेनाला मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघी बोलत नसत, पण उतरताना बुर्गा कधी कधी सुनेचा हात धरायची, वाट सोपी असली तरी.

मग बुर्गाच्या तोंडून नावं निसटायला लागली. आधी गाईंची. नव्या गाईला ती मेलेल्या गाईच्या नावाने हाक मारू लागली. गाय येत होती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग मीठ मागायचं तर हात नुसता हवेत राहू लागला. मला बांधताना पाठीमागची गाठ तिला जमेना. मेना मागे उभी राहून बांधून द्यायची.

त्या ऑगस्टला आम्ही कुरणातल्या गोठ्याजवळ पोचलो. बुर्गा ओलीत उतरली, एका निळ्या फुलापुढे वाकली, स्वच्छ आवाजात म्हणाली, "जेंशियन," आणि खुडून माझ्या ओच्यात ठेवलं.

तो बचनाग होता. त्याचा देठ माझ्या कापडाला टेकला तेव्हाच मला कळलं. मला ओरडता येत नाही. मी फक्त धरून ठेवू शकतो.

मेनाने पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. थोडं पुढे गेल्यावर, "आई, ओचा सुटतोय, नीट करते," म्हणून तिने माझ्याच कोपऱ्याने ते फूल धरून बाहेर काढलं आणि ओढ्यात सोडलं.

घरी आल्यावर बुर्गाने मला टेबलावर पसरलं आणि फुलं एकेक करून मांडली. मांडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बोट लावत गेली.

"एक कमी आहे."

मेना चुलीपाशी होती. तिने हात पुसले. "मी काढलं, आई. तो बचनाग होता."

"मी खुडताना काय म्हटलं?"

"जेंशियन."

बुर्गा खाली बसली. समोर कासियान सूप पीत होता. पस्तिशी ओलांडलेला, खांद्यांनी दार भरून टाकणारा माणूस. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्याचा घसा पुन्हा वाजायला लागलाय.

"मग मोडलं," ती म्हणाली. "माझ्याच तोंडाने मोडलं."

"आई, मला आता घटसर्प व्हायचा नाही," कासियान हसत म्हणाला. मग आईचा चेहरा पाहून त्याने चमचा खाली ठेवला.

तिने मला घडी केलं आणि बाकाच्या टोकाला ठेवलं. "उद्या मी चर्चला येत नाही. तुम्ही जा."

संध्याकाळची जपमाळ मात्र चुकत नाही आमच्या घरात. सगळे बाकांना टेकून गुडघ्यांवर बसतात. एकजण प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणतो, बाकीचे उरलेला. पहिला अर्धा सेराफीन गेल्यापासून बुर्गाचा. त्या संध्याकाळी ती गप्प राहिली. मणी तिच्या बोटांत तसाच. शेवटी मेनाने सुरुवात केली. पहिला अर्धा संपला, आणि दुसरा अर्धा बुर्गाच्या तोंडून आपोआप आला. न अडखळता, एकही शब्द न गाळता.

मेनाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जपमाळ पुरी झाली तशी ती म्हणाली, "आई, मी अर्धं म्हटलं, तुम्ही अर्धं म्हटलं. तिकडे किती पोचलं?"

"अख्खं पोचलं. हे काय विचारणं?"

"मग फुलांचं तसंच करू. ओळखून नाव आधी मी घेईन. मागून तुम्ही घ्यायचं, आणि खुडायचं. सकाळी चर्चच्या आधी जाऊन येऊ. सण अजून लागायचाय."

बुर्गा मारियामातेच्या तसबिरीकडे बघत होती, विचारत असावी.

"माझा एप्रन कुठाय?" ती म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं वर गेलो, दोघी आणि मी. मेना म्हणायची, "रानओवा." बुर्गा म्हणायची, "रानओवा," आणि हात पुढे करायची. पुढची कितीतरी वर्षं हे असंच चाललं. आफ्रा गवत उलटताना ऐकायची आणि म्हणायची, "यांची जपमाळ आता गवतातही चालू झाली." पण ती हातातलं दाताळं थांबवून ऐकायची, हेही मी पाहिलंय.

मागच्या ऑगस्टला बुर्गाला चालवत नव्हतं, आणि बोलणं जवळजवळ गेलंच होतं. कासियानने गवत वाहायची पाठीवरची लाकडी चौकट काढली, तिच्यावर गोधडी बांधली, आईला तिच्यावर बसवलं. वाटेत मेना म्हणाली, "जरा टेका, दमलात." तो म्हणाला, "गवताचा भारा हिच्याहून जड असतो. आणि तो मला असा कानात फुंकर नाही घालत." पाठीवर बुर्गा खरंच त्याच्या कानाशी श्वास सोडत होती. मी तिच्या मांडीवर होतो.

वर पोचल्यावर त्याने तिला गवतात बसवलं. मेना वाकली. "डोळ्यांचा दिलासा," ती म्हणाली आणि थांबली.

बुर्गा फुलाकडे बघत होती. ओठ हलले नाहीत. वाऱ्याने माझा काठ उडत होता. मेनाने पुन्हा नाव घेतलं, जरा हळू. काही नाही. बुर्गाचा हात माझ्यावर पडून होता. तिला कळत होतं की काहीतरी द्यायचंय, आणि ते सापडत नाहीये.

"डोळ्यांचा दिलासा," मागून आवाज आला.

कासियान होता. आयुष्यभर ज्याला सगळं गवत दिसलं तो. त्याने टोपी काढून हातात धरली होती आणि तो जमिनीकडे बघत होता.

बुर्गाचा हात उठला. पुढे झाला, इवला देठ चिमटीत धरला, तोडला, आणि फूल माझ्यात ठेवलं.

नऊही फुलं अशीच झाली. मेना म्हणायची, कासियान म्हणायचा, आई खुडायची. अर्निकेपाशी तो स्वतःहून वाकला, पानं बघितली आणि बायकोला विचारलं, "समोरासमोर आहेत. म्हणजे तीच ना?"

हिवाळ्यात बुर्गा गेली. झोपेतच, शांतपणे. शवपेटीत तिच्या उशाखाली त्या वर्षीची जुडी ठेवली, आमच्याकडे ठेवतात तशी. मेनाने मलाही घडी करून आणलं होतं. "हाही देऊया का आईबरोबर?"

कासियानने मला तिच्या हातातून घेतलं. "नको," तो म्हणाला. "हा लागेल."

म्हणून मी इथे आहे. नवस बुर्गाचा होता, ती असेपर्यंतचा, आणि तो पुरा झाला. या घरात आता कोणावर बंधन नाही. पण आज सकाळी मेनाने मला इस्त्री केली, ठिगळावरून जपून फिरवली, आणि उद्या सण आहे. गोठ्यातून कासियान विचारत होता, "उन्हाच्या आधी निघायचं की नंतर?"

माझं फार काही मागणं नाही. तुम्ही कधी डोंगरात गेलात आणि एखादं फूल ओळखलंत, तर त्याचं नाव मनात ठेवू नका. मोठ्याने घ्या. बरोबर असलेल्याला त्याचा अर्धा वाटा मिळू द्या.