मोलकरणीचा आवाज

चुलीवरून उतरवलेलं केळीच्या पानांचं गाठोडं योकाना दोन्ही हातांनी दाबत होता. आतली हिरवी केळी वाफेवर शिजून मऊ झाली होती, आणि पान फाटू न देता ती दाबायची म्हणजे बोटं भाजून घेणं आलंच. तेवढ्यात फाटकापाशी कुणीतरी खाकरलं.

"घरात कुणी आहे की सगळी कंपाला शहर फिरायला गेलीत?"

योकानाचे हात तसेच गाठोड्यावर राहिले. सासूबाईंचा आवाज! मसाक्याहून पहाटेची बस धरून, कुणाला न कळवता त्या आल्या होत्या.

त्यांचं येणं नेहमीच असं असायचं. जावई कचेरीत असताना यायचं, लेकीला डोळाभर पाहायचं आणि तो परतायच्या आत निघायचं. जावयाने सासूच्या नजरेला पडू नये, दोघांनी एका छपराखाली बसू नये, ही जुनी रीत. मोडली तर हातपाय थरथरायचा रोग लागतो म्हणतात. योकाना मित्रांमध्ये बसला की या गोष्टीला हसायचा. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंचं तोंड त्याने धड पाहिलं नव्हतं, आणि पाहायची हिंमतही नव्हती.

समोरच्या ओसरीवर शिलाई मशीन खडखडत होतं ते थांबलं. नालुबोवा, त्याची बायको, धावतच गेली असणार. गुडघे टेकून आईची विचारपूस करतानाचा तिचा आवाज जरा जास्तच गोड झाला होता.

"आई, आत चल ना. आत पंखा आहे."

"पंख्याचा वारा माझ्या मानेत भरतो. मागे झाडाखाली चटई टाक."

मागचं झाड म्हणजे अवोकाडोचं, आणि ते स्वयंपाकघराच्या दारासमोर. अंगणातलं हे स्वयंपाकघर म्हणजे एकच खोली, तिला एकच दार. योकानाने पावलाने ते हळूच लोटलं, बोटभर फट ठेवली आणि खिळ्यावर टांगलेल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. आज दुपारी मुलाखत होती. मालवाहतुकीच्या एका कंपनीला अपघातांचे दावे हाताळणारा माणूस हवा होता, आणि त्याचा तर सगळा जन्म विम्याचे दावे तपासण्यात गेलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी "कळवतो" न म्हणता स्वतःहून बोलावलं होतं. जायची वाट मात्र सासूबाईंच्या चटईवरून जात होती.

नोकरी गेली ती मागच्या टर्मला, पोरींच्या परीक्षा चालू असताना. दोन विमा कंपन्यांची एक झाली, खुर्च्या कमी पडल्या, आणि ज्यांना उभं राहावं लागलं त्यांत योकाना होता. हे मसाक्याला सांगायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं. कंपालात खुर्चीवर बसणारा जावई म्हणून सासरी त्याचा मान होता, तो जाऊ नये एवढंच. बाकी घर काही बुडालं नव्हतं. नालुबोवाच्या हातच्या गोमेसींना मागणी होती, लग्नाकार्यात बायका तोच पोशाख घालतात. ती शिवायची आणि तो रांधायचा. पोरी तर खूश होत्या, कारण बापाच्या शेंगदाण्याच्या रशाला आईच्या रशापेक्षा जास्त चव असते हे त्यांनी उघड जाहीर केलं होतं.

एकच गोष्ट बिनसली होती. नोकरी गेली त्या संध्याकाळी तो टेबलावरचं सामान खोक्यात घालून घरी आला, तेव्हा दारातच नालुबोवा सवयीने म्हणाली, "जेबाले को." कामाबद्दल आभार. वाटेत कुणी शेत खणताना दिसो, ओझं वाहताना दिसो की नुसतं घरी परतताना दिसो, आधी हे म्हणायचं आणि मग बाकीचं बोलायचं. त्यानेही "काले, तुझेही आभार" म्हणायचं. एवढं सोपं होतं. पण त्या दिवशी त्याने खोकं खाली ठेवलं आणि विचारलं, "कशाबद्दल?"

त्यानंतर तिने तो शब्द पुन्हा काढला नव्हता. गल्लीतले सगळे म्हणायचे, मोटरसायकलवाला म्हणायचा, कोळसेवाली म्हणायची. घरात मात्र कुणी नाही. आपणच तो घालवला, हे योकानाला पुरतं ठाऊक होतं, आणि परत मागायचा कसा ते उमगत नव्हतं.

दार किलकिलं करून नालुबोवा आत सरकली. तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"तुमची मुलाखत!" ती कुजबुजली.

"अजून वेळ आहे. जेवल्या की पेंगतील."

"ती? बसमध्ये सुद्धा झोपत नाही, ड्रायव्हरवर लक्ष ठेवते. मी सांगितलंय तुम्ही कचेरीत आहात. आणि स्वयंपाकाला एक मोलकरीण ठेवलीय म्हणून."

"मोलकरीण?"

"खेड्यातली आहे. फार लाजाळू. बाहेर येत नाही."

योकानाला हसू आवरेना, तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. मग त्याने गाठोडं उघडलं, पिवळ्याधमक मटोकेचा, त्या दाबलेल्या केळ्यांचा, वाफाळता ढीग ताटात काढला, शेजारी रसा वाढला. ताट देताना दोघांचे हात थरथरत होते, आणि तो रोग नव्हता.

फटीतून त्याला चटईचं टोक आणि सासूबाईंची सुरकुतलेली टाच दिसत होती. टाचेशी लेकीला खाऊ म्हणून आणलेल्या तळलेल्या नाकतोड्यांचा डबा होता, हंगाम चालू असल्याची खूण. बराच वेळ नुसता खाण्याचा आवाज येत राहिला.

"नालुबोवा, तुझी मोलकरीण कुठली गं?"

"ती... मित्यानाकडची."

"पान नीट दुमडते. दाबतेही जोर लावून. तुझ्यासारखं नाही, तुझं नेहमी कच्चं राहायचं."

"खा ना आई गुपचूप."

"खातेच आहे. बिचारी तिथं धुरात बसलीय, तिला कुणी काही म्हणालं का?" आणि म्हातारीने स्वयंपाकघराकडे मान वळवून, गावाकडे शेताच्या बांधावरून हाक मारतात तशी हाक मारली, "स्वयंपाकाबद्दल जेबाले गं, पोरी!"

योकानाने ओठ घट्ट मिटले.

"जेबाले म्हणते मी!"

जेबालेला उत्तर न देणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. तसा तो स्वतःच झाला होता, एकदाच. बोलायचं की नाही हे ठरायच्या आत त्याच्या तोंडून चांगला भरदार, कचेरीत फोनवर बायकांना अदबीने 'न्याबो' म्हणताना लागायचा तोच आवाज बाहेर पडला.

"काले, न्याबो! प्रवासाबद्दल तुम्हालाही जेबाले!"

अंगणातल्या कोंबड्यासुद्धा टिपायच्या थांबल्या. योकाना कपाळाला हात लावून चुलीपाशी मटकन बसला. घरातली अब्रू त्याने एका वाक्यात चव्हाट्यावर मांडली होती.

"तुझ्या मोलकरणीचा घसा बसलाय वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

नालुबोवा घाईने म्हणाली, "धूर... धुराने होतं तसं."

"असेल असेल." चटई सरसरली. योकानाने फटीला डोळा लावला. म्हातारी ताटासकट वळून झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून बसली होती आणि तिने खांद्यावरचं फडकं डोक्यावरून पुढे ओढून घेतलं होतं. "मोलकरणीला सांग, मला आता झाडाखेरीज काही दिसत नाही. तिला कुठं जायचं असेल तर खुशाल जावं. तिची खबर मसाक्यात आम्हाला मागच्या टर्मलाच लागलीय."

नालुबोवाने गळ्यातली मोजपट्टी काढून हातात घेतली.

"पगार काय देतेस तिला?"

"काही नाही, आई."

"निदान जेबाले तरी म्हणतेस ना?"

मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत नालुबोवा उभी होती. "म्हणत होते. एकदा उलट विचारलं, कशाबद्दल म्हणून. मग माझी जीभच उचलली नाही. वाटलं, उगाच जखमेवर मीठ."

"अगं वेडे," म्हातारी झाडाला उद्देशून म्हणाली, "कशाबद्दल असं विचारलं, तर कशाबद्दल ते सांगायचं. त्याला काय लाजायचं!"

थोड्या वेळाने दार पूर्ण उघडलं. योकाना शर्टाची बटणं लावत होता, एक घर चुकलं होतं. नालुबोवा आत आली, त्याचे हात बाजूला करून तिने सगळी बटणं सोडली आणि गळ्यापासून पुन्हा लावायला घेतली. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती.

"स्वयंपाकाबद्दल जेबाले," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, मोलकरणीपेक्षाही. "शाळेच्या नियमाप्रमाणे पोरींची डोकी भादरता त्याबद्दल जेबाले. बूट पुसता त्याबद्दल. मी शिवत बसते तेव्हा चहा आणून ठेवता आणि न बोलता जाता, त्याबद्दल." शेवटच्या बटणापाशी ती थांबली. "आणि रोज सकाळी उठून पुन्हा अर्ज करता, त्याबद्दल जेबाले."

शर्टाला धुराचा वास लागला होता, मुलाखतीत तो येणार होता, आणि योकानाला त्याचं काहीच वाटलं नाही.

"काले," तो शेवटी म्हणाला. "तुलाही जेबाले. शिवणाबद्दल."

बाहेर अवोकाडोकडे तोंड करून बसलेल्या म्हातारीने इतका वेळ हातात धरून ठेवलेला घास तेव्हा कुठे तोंडात घातला.